मिलिंदला दिलेली गिटार

माझ्या नावावर परभणीत एक पुण्य जमा आहे, आणि ते खोटं आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बोललो तर कधीच नाही — बायकोजवळ नाही, मित्रांत बसल्यावर नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखत असता तर त्या गोष्टीबद्दल तुम्हीसुद्धा माझी पाठ थोपटली असती.

आधी एक सांगून टाकतो. मी गिटार चांगली वाजवतो. उगं नम्रपणा करायचा माझा स्वभाव नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना — तसं परभणीत गिटार म्हटलं की सुधीर, हे बरीच वर्षं चाललं. वडील तहसीलीत कारकून, घरात सगळे मोजून-मापून बोलणारे, त्यात मी असा तोंडाळ कसा निघालो देव जाणे. आता कबुली द्यायला बसलोय तरी मान काही खाली जात नाहीये, हे माझं मलाच कळतंय. काय करता? जित्याची खोड.

माझी गिटार साधी नव्हती. हे जरा समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही फ्रेट म्हणतो. दोन फ्रेटच्या मधे सपाट लाकूड. तुम्ही तार दाबली की तार फ्रेटला टेकते, बोट लाकडाला टेकतं — आणि तिथंच थांबतं. कितीही जोर लावा, लाकूड बोटाला पुढं जाऊ देत नाही. माझ्या गिटारला ते मधलं लाकूडच नव्हतं. म्हणजे होतं, पण प्रत्येक दोन फ्रेटच्या मधे मी ते कोरून काढलं होतं, पन्हाळीसारखा खोलगट आकार देऊन. बोटाखाली फक्त तार. लाकडाचा स्पर्शच नाही. पहिल्यांदा हात ठेवाल तर जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं वाटतं. पण एकदा सवय झाली — अहो, काय सांगू! तार बाजूला ओढायची तर बोट तिला खालून धरतं, लाकडाला घासत नाही, अडत नाही. सतारीवर मींड घेतात तशी मींड निघते. सूर हलवायचा म्हटलं तर मनात आलं की हलतो. बोट इतकं कमी काम करतं की वेग आपोआप येतो.

मात्र एक आहे. अशा गिटारवर तार फ्रेटला टेकली की सूर लागला. त्याच्यापुढं दाबलं तर तार खाली पोकळीत जाते, ताणते आणि सूर चढतो. थोडाच चढतो — पण बाजूला पेटी किंवा अ‍ॅकॉर्डियन वाजत असेल तर कानात खडा गेल्यासारखं होतं. हे मला कुणी सांगितलं? सिकंदराबादला माझी मावशी असायची. तिथं एका हॉलमधल्या गिटारवाल्याकडं मी अशी गिटार पहिल्यांदा पाहिली. त्यानं ती ओळखदेख नसताना माझ्या हातात दिली. मी दाबून दाबून वाजवायला लागलो, सगळे सूर वाकडे. तो हसला आणि म्हणाला, "धीरे बेटा. मक्खन समझ." एवढंच. एका वाक्यात माझं काम झालं.

परत आलो आणि स्वतःच्या गिटारवर कानस चालवली. फ्रेटला चिकटपट्टी लावायची, अर्धगोल कानशीनं मधलं लाकूड काढायचं, मग पॉलिश पेपर, मग तेल. आई म्हणायची, "चांगल्या वस्तूचा कीस पाडायलास की रे!" एका ठिकाणी हात जास्त पडला, तिथं खोली अजूनही जास्त आहे. पण गिटार बनली. महिनाभर मीसुद्धा तिच्यावर बेसूर वाजवत होतो, मग हात हलका झाला. त्यानंतर मी ती कुणाला हात लावू दिली नाही. कुणालाच नाही. धाकट्या भावाला तर एकदा तिच्यापायी थोबाडीत दिली होती.

आता मिलिंद.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा काळ. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि अंमलबजावणीचा पत्ता नव्हता. अठ्ठ्याहत्तरला मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. मिलिंदच्या मामाचं खेड्यातलं घर त्याच दंगलीत जळालं, आणि ते सगळे परभणीला भीमनगरात येऊन राहिले. मामाची भीमगीतांची गायन पार्टी होती. मिलिंद तिच्यात लहानपणापासून बँजो वाजवायचा — तो बटणांचा, टाइपरायटरसारखा. ढोलकी, हलगीच्या आवाजात आपला सूर वर काढायचा तर बटण दणकून दाबावं लागतं. तीच बोटं घेऊन तो आमच्या ऑर्केस्ट्रात आला आणि गिटार शिकला. कुणाकडून? माझ्याकडून. पहिले सहा महिने मीच शिकवलं, आणि मनापासून शिकवलं, हेही खोटं नाही.

मग तो माझ्या पुढं गेला.

हे लिहायला मला किती वेळ लागला असेल? तुम्हाला वाचायला क्षणभर लागला. त्याच्या कानात काय होतं कुणास ठाऊक, एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा विचारायचा नाही. आणि ते दणकट दाबणं — सपाट लाकडाच्या गिटारवर त्याचा फायदाच व्हायचा. सूर भरीव निघायचा, ठणठणीत. आमचे मास्टर बाबूमियाँ, अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, ते त्याला चिडवायचे, "अरे गिटार है, कापूस का गठ्ठा नहीं! इतना कायकू दाबता?" कारण दिवसा मिलिंद जिनिंगमधे कापसाचे गठ्ठे उचलायचा. तो हसायचा. "मास्टर, हात ऐकत न्हाई. लय वर्सांची सवय हाय."

माझ्या गिटारला हात लावायला मनाई आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "का रे सुध्या, बाटंल व्हय तुझी गिटार?" सगळे हसले. मीही हसलो. पण मनातून चिडलो. माझ्या भावालासुद्धा मी ती देत नाही, हे त्याला माहीत नव्हतं का? होतं. तरी त्यानं असं विचारलं. खरं म्हणजे उत्तर सोपं होतं — गिटार काढून त्याच्या हातात द्यायची. ते मी केलं नाही.

त्या वर्षी गणपतीत येलदरीला धरणाच्या कॉलनीत आमचा कार्यक्रम ठरला. दुपारी चारचा. औरंगाबादच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचे मालक पाहुणे म्हणून यायचे होते, आणि त्यांना एक गिटारवाला हवा होता. कायमचा. महाराष्ट्रभर दौरे, नाव, सगळं. बाबूमियाँनी त्यांना शब्द दिला होता की आपला सगळ्यात चांगला पोरगा ऐकवतो. मला वाटलं, तो आपणच. आदल्या दिवशी तालमीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुधीरमियाँ, बुरा नक्को मानो. तुम्हारा हाथ मीठा है, पन मिलिंद का हाथ बडा है. कल सोलो वो बजाएगा."

मी म्हणालो, "बरोबर आहे मास्टर." चेहरा हसरा ठेवला. घरी गेलो आणि जेवलो नाही.

मिलिंदला तर त्या नोकरीची केवढी आशा होती! जिनिंगमधल्या कापसानं त्याला खोकला धरला होता. लग्न झालेलं, पोरगी रांगायला लागलेली. जीपमधे माझ्या शेजारी बसून तो म्हणाला, "सुध्या, हे जमलं ना, तर आयुष्यात परत गठ्ठा उचलनार न्हाई बघ." मी म्हणालो, "जमतंय की."

जिंतूरच्या पुढं रस्ता असा होता की विचारू नका. एका खड्ड्यात जीप आदळली आणि स्पीकरचा खोका सरकून मिलिंदच्या गिटारवर पडला. तिचं वरचं डोकं, खुंट्यांसकट, मोडलं. ते मी केलं नव्हतं. तेवढं मात्र शपथेवर सांगतो. ते खरंच नशीब होतं.

कॉलनीत उतरलो. गिटारचं कव्हर काढलं. मिलिंद मोडक्या गिटारकडं नुसता बघत राहिला. बाबूमियाँ डोक्याला हात लावून बसले. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. माझ्या गिटारकडं.

मी ती काढली आणि मिलिंदपुढं धरली. "घे. माझी घे."

मग बाबूमियाँनी उठून मला छातीशी धरलं. मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं — खरंच आलं, मी बघितलं. हेच ते माझं पुण्य. गोष्ट परभणीत पोचली तेव्हा लोकांनी तिला आणखी मोठी केली. त्या दिवसांत, गावागावांत पाण्यावरनं भांडणं चालू असताना, कारकुनाच्या पोरानं जिला भावालाही शिवू दिलं नाही ती गिटार भीमनगरच्या पोराच्या हातात दिली! सगळ्यांना ते आवडलं. मलाही आवडलं.

आता तुम्ही ओळखलं असेल. मी त्याला सांगितलं नाही. हलक्या हातानं वाजव, नुसता स्पर्श कर, दाबू नको — तीन-चार शब्दांचं काम. सिकंदराबादच्या त्या परक्या माणसानं मला दिलेलं, ते मी माझ्या दोस्ताला दिलं नाही.

पण थांबा. एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं. विसरलो, गडबडीत राहून गेलं, असं म्हणून स्वतःला समजावलं असतं. तसं समजावलंही, काही वर्षं. पण ते खरं नाही.

त्यानं विचारलं होतं. स्टेजवर चढायच्या आधी, मंडपाच्या मागं. गिटार गळ्यात अडकवून दांडीवरनं बोट फिरवलं, दचकला आणि म्हणाला, "हे खोलगट हाय की रे सगळं. कसं वाजवायचं हिला? काई सांग की." त्यानं सरळ विचारलं. आणि मी — मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काही नाही रे. मधे खोल आहे, म्हणून जरा जास्तच दाबायचं. तुझा नेहमीचा जोर लाव, दणकून."

हे आहे. हे मी केलं. विचार करून केलं, हसत केलं, आणि ते बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. सुटका नको आहे मला. मिलिंदनं सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला सूर वर गेला. अ‍ॅकॉर्डियन एकीकडं, गिटार एकीकडं. त्याच्या कानाला ते लगेच कळलं. तार चढली असेल म्हणून त्यानं खुंटीला हात घातला, मोकळी तार छेडून पाहिली — ती बरोबर. पुन्हा दाबलं, पुन्हा चढा. मग बिचाऱ्यानं आणखी जोर लावला. मीच सांगितलं होतं ना! जितका घाबरला तितका दाबत गेला. मी मागं उभा राहून खुळखुळा हलवत होतो, ताल बरोबर धरून. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पाहुण्यांनी बाबूमियाँकडं वाकून विचारलं, "गिटार खराब आहे का हो?"

बाबूमियाँनी मला खूण केली. मी गिटार घेतली. तीच गिटार, तेच गाणं. मी कसं वाजवलं म्हणता? आयुष्यात इतकं चांगलं मी पुन्हा वाजवलं नाही. एकेक मींड अशी काढली की कॉलनीतली माणसं उठून उभी राहिली. म्हणजे गिटारमधे काही खोट नव्हती, हे सगळ्यांना दिसलं. मिलिंदलाही दिसलं. सगळ्यात आधी टाळ्या त्यानंच वाजवल्या.

मी औरंगाबादला गेलो. सात-आठ वर्षं त्या ऑर्केस्ट्रात होतो, भरपूर फिरलो, भरपूर मिरवलो. मिलिंद जिनिंगमधेच राहिला. गिटारला त्यानं परत हात लावला नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, "सुध्यानं आपली जीव की प्राण गिटार देली, पन आपलाच हात नालायक निघाला." माझी थोरवी गावभर त्यानंच सांगितली.

कधीकधी मी स्वतःला विचारतो — तो आमच्या गल्लीतला असता तर मी हे केलं असतं का? केलंच असतं, मी तेवढा जळत होतो, असं म्हणावंसं वाटतं. पण आमच्या गल्लीतल्या पोरानं दुसऱ्या दिवशी दारात येऊन गचांडी धरून विचारलं असतं, "काय बे, दाब म्हणून सांगितलंस, अन् हे काय?" मिलिंदनं विचारलं नाही. तो स्वतःलाच दोष देईल आणि मला विचारणार नाही, हे मला तेव्हा मंडपामागं माहीत होतं का? होतं.

चौऱ्याण्णवला अखेर विद्यापीठाचा नामविस्तार झाला. भीमनगरात कार्यक्रम होता. मी सुट्टीवर आलेलो, मिलिंद घरी येऊन हाताला धरून घेऊन गेला. स्टेजवर मला खुर्ची, गळ्यात हार. आणि मिलिंदनं माईक घेऊन ती येलदरीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. म्हणाला, "लोक आमच्या हातचं पानी घेत नव्हते, तवा ह्या मानसानं आपली गिटार माज्या हातात देली." म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांनी उठून मला जय भीम केला. मीही हात जोडले. मान ताठ होती माझी. ती कशी काय राहिली, हे मला आजही कळत नाही.

मग त्याच्या घरी चहाला गेलो. त्याची पोरगी प्रज्ञा तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. बापाचं भाषण ऐकून आलेली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मला शिकवता का गिटार?"

मिलिंद हसला. तिच्या केसांवरनं हात फिरवला आणि लय मायेनं म्हणाला, "न्हाई ग माय. आपल्या लोकांचा हात जड असतो. गठ्ठे उचलनारे हात आपले. गिटारीला काकासारखा हलका हात लागतो."

आपल्या लोकांचा. स्वतःचा हात जड, असं तो इतकी वर्षं म्हणत होता. आता तो सगळ्यांचाच झाला होता, त्या पोरीचाही. त्याचा हात जड नव्हता हो! सवय होती ती नुसती बँजोची, माझ्यासारखी त्याचीही महिनाभरात गेली असती. कुणाच्याच रक्तात जड हात नसतो. हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं.

पोरीचा बापावर विश्वास बसला नाही. हुशार होती. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "खरं व्हय काका?"

मी कप खाली ठेवला आणि तिला म्हणालो, "हाव बेटा. बाबा बरोबर सांगतेत."